तेवीस नावं, एकशे एकतीस रुग्ण

मामा फारसे कुणाला आवडत नसत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळात ड्रेसरचं काम केलं. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा माणूस. डॉक्टर कापून मोकळा होतो, नर्स औषध देऊन पुढच्या खाटेकडे वळते. ती जखम भरून येईपर्यंत रोज तिच्यासमोर बसायचं काम ड्रेसरचं. इस्पितळातल्या वयस्क पुरुष कर्मचाऱ्यांना सगळे मामाच म्हणत, म्हणून हेही मामा झाले. भाच्यांचे लाड करणाऱ्यांतले मात्र ते नव्हते. "ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घ्या, मी थांबतो. नंतर पाय हलवलात तर बघा," हे त्यांचं पहिलं वाक्य असे. नातेवाइकांना ते खोलीबाहेर काढत. नव्या डॉक्टरने पट्टी घट्ट बांधली की त्याच्यादेखत सोडून पुन्हा बांधत. पण त्यांच्या हाताखाली जखमा भरत. जुनी पट्टी सुटावी म्हणून ते ती सलाइनने भिजवत आणि हातावर हात ठेवून दहा-दहा मिनिटं नुसते बसून राहत. कोरडी पट्टी ओढून काढणारा माणूस त्यांना डोळ्यांसमोर नको असे.

निवृत्त झाल्यावर घरी बसून त्यांचं बायकोशी रोज वाजू लागलं. बायको घरातच शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या मशीनचा आवाज यांना सहन होईना आणि यांचं घरभर फिरत चुका काढणं तिला. "अहो, कुठेतरी जखमा शोधा बाहेर, माझ्या करू नका," असं ती एक दिवस वैतागून म्हणाली. महिन्याभरात मामा एका संस्थेत लागले. घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणारी ती संस्था. तिथे सात ड्रेसर होते, आणि त्यांच्यावर एक समन्वयक. त्याला सगळे साहेब म्हणत. साहेब पूर्वी औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम करायचा. कुणी काहीही सांगितलं तरी आधी हसायचा आणि मग नाही म्हणायचा. मामांना पहिल्या दिवसापासून त्याच्या त्या हसण्याची तिडीक होती.

संस्थेने प्रत्येकाला एक फोन दिला, त्यात एक ॲप. प्रत्येक भेटीनंतर त्यात रुग्णाचं नाव घालायचं, जखमेची लांबी-रुंदी टाकायची, फोटो काढायचा. महिन्याची यादी उघडली की वर ठळक अक्षरांत आकडा यायचा, 'एकूण रुग्ण' म्हणून. खाली नावं, आणि प्रत्येक नावापुढे त्याच्याकडच्या भेटी. वरचा आकडा आपोआप कचेरीत जायचा. साहेब तो छापून भिंतीवर लावायचा: सात नावं, सात आकडे, सगळ्यात मोठा सगळ्यात वर.

पहिल्याच महिन्यात मामा सगळ्यात वर आले.

आता गंमत अशी, की मामांकडे रुग्ण थोडेच होते. साखरेने सडलेले पाय, खाटेला खिळलेल्यांच्या पाठी, वर्षानुवर्षं न भरलेल्या घोट्याच्या जखमा. असली कामं कुणाला नको असत, ती मामांकडे येत. एकेका घरी आठवड्यातून दोनदा, काहींकडे एक दिवसाआड. दुसरा ड्रेसर होता पैलवान. मानेने जाड, आवाजाने त्याहून जाड. तो शस्त्रक्रियेचे टाके काढायची कामं घ्यायचा. तीन भेटी, टाके निघाले, रुग्ण मोकळा. चहाच्या वेळी तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "मामांचे रुग्ण बरे होत नाहीत, म्हातारे होतात." सगळे हसायचे. साहेब तर सगळ्यात आधी हसायचा.

म्हणून भिंतीवरचा तो कागद पाहिला तेव्हा मामांना बरं वाटलं. पैलवानाचं तोंड बघून तर फारच बरं वाटलं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी घरी बसून फोनवरची यादी सहज वर सरकवली. आकडा होता एकशे एकोणीस, आणि यादी बोटाच्या दोन सरकवण्यांत संपली. त्यांनी पुन्हा वर जाऊन नावं मोजली. एकवीस. वरचा आकडा रुग्णांचा नव्हता. सगळ्या भेटींची बेरीज रुग्ण म्हणून दाखवली जात होती.

मामांनी फोन बंद केला आणि चष्मा पुसला.

"काय झालं?" बायकोने मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"काही नाही. यंत्राला मोजता येत नाही."

"मग सांगा कुणाला तरी."

"सांगतो," मामा म्हणाले. सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यातही नाही. चौथ्या महिन्याचा आकडा एकशे एकतीस आला, साहेबाने सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला, आणि पैलवान खुर्ची मागे ढकलून उठून गेला. मामा त्या दिवशी घरी पायी आले.

पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला संस्थेला मदत देणाऱ्यांकडून एक तपासनीस बाई आल्या. पिकलेले केस, चष्मा कपाळावर, आणि बोलणं अगदी मोजकं. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याच्यापासून त्यांनी सुरुवात केली. मामांच्या एकशे एकतीस रुग्णांचे पत्ते मागितले. फोनमधून नावं निघाली तेवीस.

मामांना कचेरीत बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला बाई आणि साहेब, दुसऱ्या बाजूला मामा. त्यांना बसायलाही कुणी सांगितलं नाही.

"एकशे एकतीस दाखवले, नावं तेवीस," बाई म्हणाल्या. "उरलेले एकशे आठ रुग्ण कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत. माझे तेवीसच आहेत. बाकी भेटी आहेत."

"मग एकशे एकतीस कुणी लिहिले?"

"फोनने."

साहेब हसला. "मामा, फोन आपणहून कसा लिहील? तुमच्याच बोटाने भरलेलं असतं ते."

"हा आकडा तुमच्यासमोर चार महिने होता," बाई म्हणाल्या. "तुमच्या लक्षात आलं नाही?"

मामांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. खरं सांगायला एक क्षण पुरला असता.

"नाही," ते म्हणाले. "मी कधी पाहिलाच नाही."

साहेबाने एवढंच धरलं. त्याने बाईंना पटवून दिलं, की मामांनी खोटी नावं भरली असणार आणि तपासणी होणार म्हटल्यावर पुसली असणार; एका माणसाची लबाडी आहे, बाकीच्यांना कशाला त्रास द्यायचा. मामांचा फोन काढून घेतला. महिन्याच्या शेवटच्या बैठकीपर्यंत लेखी खुलासा द्या, म्हणाला. आणि त्यांचे तेवीसच्या तेवीस रुग्ण दिले पैलवानाला.

दरवाजातच पैलवान भेटला. "एकशे आठ भुतांना पट्ट्या बांधल्यात होय मामा?" मामांच्या अंगाचा तिळपापड झाला.

चार दिवसांनी मास्तरीणबाईंचा फोन आला. या बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, डाव्या टाचेला सात महिन्यांची जखम. मामा आणि त्या एकमेकांशी कायम भांडत. त्या पट्टीच्या गाठीत चुका काढत, हे त्यांच्या चपलांत. पण ती टाच भरत आली होती. तळाला लाल, ओलसर, निरोगी मांस दिसू लागलं होतं.

"तुमच्या त्या माणसाने पट्टी कोरडीच ओढली," बाई म्हणाल्या. "रक्त आलं. भिजवा म्हटलं तर म्हणतो, आजी, मला अजून बारा घरं आहेत. तुम्ही कधी येताय?"

"मला येता येणार नाही."

"का?"

मामांनी फोन ठेवला. मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. बायको गणवेशाच्या बाहीत टाचण्या लावत होती.

"त्यांना सांगितलंत का, की आकडा तुम्ही पाहिला होता?" तिने विचारलं.

"कुणी पाहिला होता?"

"अहो, माझ्यासमोर पाहिलात. यंत्राला मोजता येत नाही म्हणालात. मला काय विसरायचा रोग झालाय?"

"तू तुझ्या बाह्या लाव."

"लावतेच आहे. खोटं बोलून आलात ते आलात, वर माझ्यावर गुरगुरू नका." तिने दातांनी दोरा तोडला. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. जेवण ताटात असायचं, तोंडात शब्द नसायचा.

तिसऱ्या दिवशी मामा ते ॲप बनवणाऱ्या बाईकडे गेले. पत्ता त्यांनी कचेरीच्या शिपायाकडून काढला. दुसरा मजला, दारावर चिकटवलेली चिठ्ठी: 'बेल वाजवू नये.' मामांनी बेल वाजवली.

"वाचता येत नाही का?" दार उघडणारी बाई चाळिशीची, केस पेन्सिलीने वर खोचलेले. आत एका टेबलावर दोन पडदे, सगळीकडे वायरी, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेला टॉवेल.

"येतं. मोजताही येतं. तुमच्या ॲपला येत नाही."

ॲपवालीच्या कपाळावर आठ्या आल्या. "ॲपमध्ये काही चूक नाही. काय असेल ते साहेबांशी बोला."

"एक फोन द्या. पाच मिनिटांत दाखवतो. चूक नसेल तर पाया पडून जातो."

का कोण जाणे, तिने चाचणीसाठीचा फोन टेबलावर आपटला. मामांनी पिशवीतून पट्टी काढली, तिचा हात ओढून टेबलावर ठेवला आणि मनगटाला तीन वेढे दिले. "रुग्ण तुम्ही. जखम नाही, सूज डोक्यात आहे, पण मनगट लिहू." त्यांनी नोंद केली. एकूण रुग्ण: एक. पट्टी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा नोंद केली. एकूण रुग्ण: दोन. तिसऱ्यांदा बांधली. तीन. खाली यादीत एकच नाव, पुढे तीन भेटी.

"आता सांगा, या खोलीत तुम्ही किती जणी आहात?"

ॲपवालीने पट्टी खेचून काढली. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"की तो आकडा चुकीचा आहे. तीन महिन्यांपासून माहीत आहे." ती खुर्चीत बसली आणि पडद्याकडे बघत, कंटाळलेल्या आवाजात सांगू लागली. "प्रत्येक भेटीची एक चिठ्ठी फोनच्या पोटात साठते. साठवायची व्यवस्था मी लिहिलेली नाही, ती तयार मिळते. मी तिला सांगितलं, चिठ्ठ्यांचे नावाप्रमाणे गठ्ठे कर आणि गठ्ठे किती ते सांग. यादी मागितली की ती गठ्ठे बरोबर लावून देते. पण नुसता आकडा मागितला की गठ्ठ्यांचं ऐकूनच घेत नाही, सगळ्या चिठ्ठ्या मोजून मोकळी. ही तिची खोड आहे, मला उशिरा कळली. आधी गठ्ठे बाहेर मागवायचे, मग ते आपण मोजायचे. एवढंच करायचं."

"किती दिवसांचं काम?"

"चहा उकळेपर्यंतचं."

"मग का नाही केलंत?" मामांचा आवाज चढला. "माझ्या नावावर एकशे आठ खोटी माणसं बसलीत! माझे रुग्ण एका कसायाच्या हाती गेलेत!"

 तिने फोन काढून एक निरोप त्यांच्यासमोर धरला. तिने साहेबाला लिहिलं होतं, की रुग्णांच्या जागी भेटी मोजल्या जातायत, दुरुस्त करते. खाली साहेबाचं उत्तर होतं: 'सध्या राहू द्या. आकडा बरा दिसतोय. पुढच्या वर्षीचं काम तुम्हालाच द्यायचं आहे.'

"हे मला द्या."

"नाही."

"द्या म्हणतो!"

"माझं काम जाईल. तुम्ही देणार आहात का मला काम? पट्ट्या बांधायचं?"

"लाज वाटत नाही?"

ॲपवालीने मान वर केली. "आणि तुम्हाला? यादी तुमच्याच फोनमध्ये होती ना? तेवीस नावं, साहेबांनीच सांगितलं मला. आत्ता दारात म्हणालात, मोजता येतं. मग चार महिने काय करत होतात?"

 पट्टी गुंडाळता गुंडाळता मामांच्या हातातून सुटून टेबलाखाली गेली, ती त्यांनी वाकून उचलली नाही. तसेच जिने उतरून खाली आले.

बैठक महिनाअखेरीला झाली. तपासनीस बाई, साहेब, सातही ड्रेसर, आणि साहेबाने यंत्राची बाजू सांगायला बोलावलेली ॲपवाली. साहेबाने मामांचा खुलासा मागितला. मामांनी कागद आणलाच नव्हता.

"मी मागच्या वेळी खोटं बोललो," ते म्हणाले. "दुसऱ्या महिन्यातच मी यादी मोजली होती. आकडा चुकीचा आहे हे मला माहीत होतं. भिंतीवर माझं नाव वर होतं म्हणून गप्प बसलो."

"बघा!" साहेब जवळजवळ उभाच राहिला. "कबुली आली. आता आणखी काय हवं?"

"खोटं नाव मात्र एकही भरलं नाही," मामा म्हणाले. "पैलवान, तुझा फोन काढ. बाईंना दे."

"माझ्या फोनला हात लावायचा नाही!" पैलवान ओरडला, पण तपासनीस बाईंनी हात पुढे केला होता. त्याने फोन दिला. मागच्या महिन्याच्या यादीवर आकडा होता सत्त्याण्णव. बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला, एकेका नावावर बोट ठेवत मोजलं. चौतीस.

"तुम्हीसुद्धा त्रेसष्ट माणसं बनवलीत का?" त्यांनी विचारलं. पैलवानाचा चेहरा पडला. बाईंनी उरलेले पाचही फोन मागवले. सगळ्यांत तीच कथा.

साहेब सारवासारव करू लागला. हसणं आता फक्त ओठांवर होतं. "हा तांत्रिक दोष दिसतोय. आमची काय चूक? आम्ही विश्वासाने घेतलं. या मॅडमनीच सदोष वस्तू दिली आणि आम्हाला अंधारात ठेवलं."

ॲपवाली इतका वेळ नखं बघत होती. तिने फोन उचलला आणि तो निरोप मोठ्याने वाचला. तारखेसकट, साहेबाच्या उत्तरासकट. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. मामांकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिने ते मामांसाठी केलं नव्हतं, आणि मामांनाही तसा भ्रम झाला नाही.

साहेबाला संस्थेने काढलं नाही, सामानाच्या गोदामावर बसवलं. तिथेही तो हसतो, म्हणतात. ॲपवालीने जाण्याआधी दुरुस्ती केली, आणि तिचं पुढच्या वर्षीचं काम गेलं. तिने मामांना फोन करून सांगितलं, "तुमच्यामुळे गेलं." मामा म्हणाले, "तुमच्या तीन महिन्यांमुळे गेलं." तिने फोन आपटला. मामांना गप्प राहिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि फोन परत मिळाला. नव्या कागदावर पैलवान पहिला होता आणि मामा सहावे. "आता कसं?" पैलवान म्हणाला. मामांनी त्याला कोरडी पट्टी ओढण्यावरून कचेरीत सगळ्यांसमोर असं झापलं, की दोघांना बाकीच्यांनी ओढून दूर केलं. दोघं आजतागायत बोलत नाहीत.

रुग्ण परत मिळाले, पण बावीसच. मास्तरीणबाईंची टाच त्या तीन आठवड्यांत चिघळली होती. विष वर चढलं, इस्पितळात नेलं, आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्या घरी परतल्यावर मामा त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, मांडीवर घोंगडी.

"शेजारणीने वर्तमान सांगितलं सगळं," त्या म्हणाल्या. "तुमचा आकडा मोठा होता म्हणे. शाबासकी मिळत होती."

मामा जमिनीवर बसले, पिशवी उघडली.

"आधीच बोलला असतात तर?"

"तर मीच येत राहिलो असतो."

"आणि पाय?"

मामांनी एकतीस वर्षांत रुग्णांना कधी गोड खोटं सांगितलं नव्हतं. "राहिला असता," ते म्हणाले.

 बाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता. "मी तुम्हाला माफ वगैरे करणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसरा कुणी धड बांधत नाही, म्हणून येऊ देतेय. भिजवा."

मामांनी सलाइनची बाटली उघडली, पट्टीवर धार धरली आणि वाट बघत बसले. दहा मिनिटं गेली. पट्टी सुटली, टाके स्वच्छ होते. त्यांनी नवी पट्टी बांधली. बाईंनी गाठ तपासली आणि तिरकी आहे म्हणून सोडून पुन्हा बांधायला लावली. मामांनी ती मुकाट्याने सोडली आणि पुन्हा बांधली.

"परवा दहाच्या आधी येऊ नका," बाई म्हणाल्या. "आणि जाताना दार नीट लावून घ्या."